आजारी फंडाची वही

१

शनिवारी सकाळी भिकन कंपाउंडरने गिरणीच्या दवाखान्यातले कपाट उघडले, ‘आजारी फंड’ अशी चिठ्ठी लावलेली वही काढली, पहिले पान उलटले आणि तो मटकन स्टुलावर बसला. वहीत कुणाच्या तापाची की खोकल्याची नोंद नव्हती. होते ते एरंडेल तेल, बोरिक पावडर, कापसाचे बोळे आणि कोयनेलच्या गोळ्या.

अभिमन नाना पोचले तेव्हा भिकनने कपाटातल्या चारही वह्या टेबलावर मांडून ठेवल्या होत्या. पाचवी नव्हती.

“चोरानं कव्हरं बदलली, नाना. औषधसाठ्याच्या वहीला फंडाचं कव्हर चढवलं आणि फंडाची वही घेऊन पसार झाला.”

अभिमन नाना म्हणजे धुळ्याचे जुने देवी डॉक्टर. डॉक्टर ही पदवी लोकांनी दिलेली. सरकारदप्तरी ते नुसते देवी टोचणारे. सोनगीरपासून शिरपूरपर्यंत आणि तिथून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत तीस वर्षे पोरांचे दंड टोचत हिंडले. टोचणारा आला म्हटले की आया पोरे लपवायच्या, आणि ती शोधून काढायची हेच नानांचे खरे काम. पेन्शन बसली तरी पायाची भिंगरी काही थांबली नव्हती. आताही ते त्या दहा फुटी खोलीत येरझाऱ्या घालू लागले, आणि भिकनला आपली मान कुठे वळवावी ते कळेना.

नाना अस्वस्थ होते त्याला कारण होते. दोन वर्षांपूर्वी रतिलाल शेठच्या या गिरणीत दोनशे कामगारांनी मिळून आजारी फंड काढला. पगाराच्या दिवशी प्रत्येकाने दोन आणे टाकायचे आणि जो आजारी पडेल त्याला निम्मा पगार घरपोच द्यायचा. नाना त्याचे पंच. आता, सन त्रेचाळीसच्या या उन्हाळ्यात, देशभरच्या गिरणीकामगारांचा असाच विमा सरकारने काढावा का, तो परवडेल का, याची चौकशी करत मुंबईचे एक साहेब सोमवारी दुपारी धुळ्यात येणार होते. शेठनी जाहीर केले होते, “साहेबांसमोर वही दाखवा. खोटे आजारी निघाले नाहीत, तर मीही माझा वाटा घालीन. निघाले, तर फंड बंद.”

आणि वही गेल्याचे कळताच शेठचा निरोपही आला होता. वही नाही, तोवर फंडातून कुणाला पैसा नाही.

 फंडावर आज एकच माणूस पडून होता, साचेखात्यात मागावर काम करणारा वना. मुदतीच्या तापाचा, टायफॉइडचा, तिसरा आठवडा. फंडाच्या डॉक्टरने बजावले होते की याला उठू देऊ नका, उठला तर आतडे फाटेल. वना गरीब होता, पण आळशी नव्हता. घरात निम्मा पगार येत होता म्हणूनच तो खाटेवर राहिला होता. तो पगार थांबला, तर वना उठणार हे नानांना आपल्या नावाइतके ठाऊक होते.

“पाणी दे रे थोडं,” नाना म्हणाले.

भिकनने माठात तांब्या घातला. तळाला तांब्या खणकन वाजला.

“कोरडा आहे. काल भरलाच नाही वाटतं. पण इंदिराबाई हंडा घेऊन येताना-जाताना दिसली तर होती.”

“आणखी कोण आलं होतं?”

“पाच ते सहाच्या दरम्यान मी आतल्या खोलीत औषध कुटत होतो, कपाट उघडंच होतं. सुकदेव टाइमकीपर येऊन गेला. चुडामण वैद्य आले होते. वनाची बायको सुंदरबाई औषध न्यायला आली होती. आणि इंदिराबाई. सहाला मी कुलूप लावलं. या चौघांपैकीच कुणीतरी आहे, नाना. आणि मला विचाराल तर सुकदेव.”

२

सुकदेव टाइमकीपर गिरणीच्या फाटकाशी बिल्ल्यांच्या फळीसमोर बसला होता. प्रत्येक कामगाराचा पितळी बिल्ला, त्यावर नंबर. आला की बिल्ला या खिळ्यावर, नाही आला की त्या. वीस वर्षे हेच करून सुकदेवचा माणसांपेक्षा बिल्ल्यांवर जास्त विश्वास बसला होता.

“मी काल गेलो होतो, नाना, लपवत नाही. भिकनला सांगायला गेलो होतो की साहेबासमोर तुमचं हसं होणार आहे.”

“ते कसं?”

“घरी बसून निम्मा पगार मिळाला, तर गिरणीत येईल कोण? तुम्ही आखाजीच्या सणाचं बघा. सासुरवाशिणी माहेरी निघाल्या, झोके बांधले, की गिरणीत दर वर्षी सत्तर-ऐंशी बिल्ले गैरहजर. सगळे एकदम आजारी पडतात का? दोनशे माणसांत हे, तर देशभर काय होईल? सरकार देणार, मालक देणार, कामगार देणार म्हणतात. शेवटी ते सगळं धोतरजोडीच्या किमतीवर चढणार आणि तुम्ही-आम्हीच भरणार.”

“मग तुला वही हवीच होती की. तिच्यात सोंगं सापडली असती.”

“म्हणून तर म्हणतो. मी कशाला चोरीन?”

सुकदेव खोटे बोलत नसावा, पण खरे बोलणारा माणूस चोरी करत नाही असेही नानांनी कुठे पाहिले नव्हते.

चुडामण वैद्य पेठेतल्या आपल्या ओट्यावर मात्रेचा खल घेऊन बसले होते. त्यांनी नानांना बसायला सांगितले. नाना उभेच राहिले.

“तुमच्या फंडानं माझी निम्मी गिरणी तोडली, नाना. पूर्वी ताप आला की पहिल्यांदा माझ्या ओट्यावर यायचे. आता फंडाचा डॉक्टर, फंडाची बाटली. उद्या सरकारचा विमा आला तर एकच लाल पाणी मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत, सगळ्यांना सारखं. वात काय, पित्त काय, विचारतो कोण?”

“काल दवाखान्यात कशाला गेला होतात?”

वैद्यबुवा जरा घुटमळले. “कोयनेल मागायला. घरात हिवताप आहे.”

“स्वतःच्या घरात लाल पाणी चालतं का?”

“घरातल्या माणसाची गोष्ट वेगळी,” वैद्यबुवा खलाकडे बघत म्हणाले. “फंड बुडाला तर मला वाईट वाटणार नाही, नाना. पण त्याची वही घेऊन मी काय करू? पुड्या बांधू?”

दोघांनाही फंड नको होता, दोघांनाही संधी होती, आणि दोघेही ते तोंडाने कबूल करत होते. नानांना हे काही पटेना. भर उन्हात पेठेतून परतताना ते मध्येच थबकले आणि मागे फिरून जवळजवळ पळतच दवाखान्यात आले.

“भिकन, ही कव्हरं कधी घातलीस?”

“काल दुपारी. साहेब येणार म्हणून पाचही वह्यांना सारखा खाकी कागद घातला, वर चिठ्ठ्या डकवल्या. चारच्या आत खळ वाळलीसुद्धा.”

“आणि सकाळी ही वही उघडलीस तेव्हा पहिलं पान सहज उलटलं?”

भिकन विचारात पडला. “नाही. खळ बाहेर आली होती, पान कव्हराला चिकटलं होतं. नखानं सोडवावं लागलं.”

नानांनी उरलेल्या तीन वह्या एकेक उचलून पाहिल्या. तिन्हींची पहिली पाने अजून चिकटलेलीच होती. ते येरझाऱ्या घालायचे थांबले, आणि त्यांना थांबलेले पाहून भिकनच घाबरला.

“कव्हरं कुणी बदलली नाहीत. साहेबांच्या धास्तीनं तूच घाईत दोन वह्यांना एकमेकींच्या चिठ्ठ्या लावल्यास. फंडाच्या वहीवर ‘औषधसाठा’ होतं, आणि चोरानं तीच उचलली.”

“अरे देवा. पण मग त्याला कळलं कसं?”

“तू वाचणारा आहेस, म्हणून तुला हा प्रश्न पडतो. सुकदेव असता, वैद्य असता, तर त्यानं चिठ्ठी वाचून ‘आजारी फंड’ नावाची वही उचलली असती. निदान उघडून तरी पाहिली असती. ती तर सकाळपर्यंत कुणी उघडलीच नाही. फंडाचे पैसे घेताना लोक काय करतात?”

“अंगठा देतात. पानांच्या कडा सगळ्या शाईनं निळ्या झाल्यात.”

“कव्हर पुठ्ठा झाकतं, कडा नाही. ज्यानं वही नेली त्यानं चिठ्ठीकडे बघितलंच नाही, निळ्या कडा बघितल्या.” नानांचा आवाज खाली आला. “भिकन, चोराला वाचता येत नाही.”

म्हणजे उरल्या दोन बायका. आणि त्यातली एक वनाची.

३

रविवारी दुपारी नाना वनाच्या खोलीवर गेले. वना भिंतीकडे तोंड करून पडला होता. सुंदरबाई कडेवर पोर घेऊनच दाराशी आली. ती हे पोर खाली ठेवतच नसे. ठेवले की ते बापाच्या खाटेवर चढायचे.

“नाना, वही सापडनी का?” तिने हळूच अहिराणीत विचारले. “हाऊ सकाय पाईन दोन येळा उठीसन बसना. म्हनस, फंड बंद व्हयना तर मी कामले जासू.”

“उठू देऊ नको, अक्का. आतडं फाटी जाई.”

“मी काय धरी ठेवसू त्याले? पोटले काय घालू, ते बी सांगा ना.”

 नानांनी तिच्या कडेवरच्या पोराकडे पाहून विचारले, “शुक्रवारी दवाखान्यात आलीस तेव्हा हेच पोर कडेवर होतं?”

“हाई, नि दुसरा हातमा बाटली.”

ती वही दीड वीत लांब आणि चार बोटे जाड होती. कडेवर पोर आणि हातात बाटली असलेल्या बाईला ती पदराखाली नेता येणार नव्हती. शिवाय आपल्याच घराची चूल कोण विझवील? नाना बाहेर पडले ते थेट इंदिराबाईकडे.

इंदिराबाई कांडीखात्यात काम करी आणि संध्याकाळी दवाखान्याचे पाणी भरी. तिची मुलगी बेबा तिच्याच शेजारी बसून सुताच्या कांड्या भरायची. घरासमोर खाटांवर कुरडया वाळत होत्या, भिंत नव्याने सारवलेली होती. आठ दिवसांवर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि आखाजीनंतर बेबाचे लग्न. मुलगा दोंडाईचाचा, गिरणीतल्याच जीवराम मुकादमाचा पुतण्या. बेबा शेजारणींबरोबर पापड लाटायला गेली होती.

इंदिराबाईने गूळपाणी दिले आणि ती ज्वारीच्या कणगीला पाठ लावून बसली. नानांनी ते पाहिले. तीस वर्षांत शेकडो आया अशाच, पोर जिथे लपवले असेल तिथे पाठ लावून बसलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या.

“नाना,” तिनेच सुरुवात केली, “उद्या साहेब नावं बी वाची का?”

सुकदेवने खर्चाचे विचारले होते, वैद्याने औषधाचे, सुंदरबाईने पोटाचे. नावांचे कुणी विचारले नव्हते.

“अक्का, दवाखानाना माठ कोरडा व्हता.”

“मी तर पानी लिसन ऊनू व्हतू.”

“ऊनी व्हती, खरं शे. भिकननं तुले हंडा लिसन येताना बी देखं नि जाताना बी. मंग पानी कोठे गयं? ते तू मोरीमा ओती दिधं, आनि हंडामा वही घाली.”

  ती उठली, कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि खाकी कव्हराची वही ज्वारीतून ओढून काढली. पाने हंड्यातल्या ओलीने फुगली होती, आणि ज्वारीने ती ओल बरीचशी ओढून घेतली होती.

नानांनी घाईने पाने उलटली. मधले एक पान मुळापासून फाडलेले होते.

“हाई पान?”

“चुल्हामा टाकी दिधं. सिव्हिल दवाखानानी गुलाबी चिठ्ठी चिकटाडेल व्हती ना, तेवरतीन वयखं.” तिचे डोळे भरून आले. “मागला पानकायामा बेबाले त्र्याहत्तर दिन घर बसनं पडनं. चिठ्ठीवर डाक्टरनं लिखं, क्षयना संशय. मांगून समजनं, बरगडीमा पानी व्हतं. काढं, नि पोर बरी व्हयनी. पन चिठ्ठीवर तर क्षयच ना? बठ्ठासना मोरे, साहेबना मोरे वाचं तर कोन करी मनी आंडेर, मनी बेबा? तेसना जीवराम मुकादम तठेच बठाना.”

“कोनी सांगं तुले, नावं वाचतीन म्हनीसन?”

इंदिराबाईने नानांकडे आश्चर्याने पाहिले. “तुम्हीनच सांगं ना, नाना. पगारना दिन, फाटकवर, कर्णा लिसन.”

नाना ओट्यावर बसले. दोन दिवसांत पहिल्यांदाच ते बसले होते. त्या दिवशी ते फुशारकीने ओरडले होते, आजारासकट नावानिशी वही वाचू, ज्याला खोटे वाटते त्याने समोर उभे राहावे. सुकदेवचे तोंड बंद करायच्या नादात त्यांनी दोनशे घरांचे आजार चव्हाट्यावर मांडायचे कबूल केले होते, आणि ते कुणाला विचारूनही नाही. आयुष्यभर ज्या भीतीशी झगडले, ती या खेपेस त्यांनीच वाटली होती. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

“तुझं नाव मी कुणाला सांगणार नाही, अक्का,” ते म्हणाले.

४

सोमवारी दुपारी दोन वाजता गिरणीच्या फाटकाआत कडुनिंबाखाली टेबल मांडले. मधोमध मुंबईचे साहेब, शेजारी रतिलाल शेठ, समोर सुकदेव आपली हजेरी घेऊन. तीनच्या पाळीचे लोक आणि कांडीखात्यातल्या बाया भोवती उभ्या होत्या.

नानांनी वही साहेबांच्या हाती दिली. “कुठे सापडली ते विचारू नका. आणि नावं वाचू नका. बिल्ल्याचा नंबर आणि दिवस, एवढंच हजेरीशी ताडून बघा.”

सुरुवात चांगली झाली. साहेबांनी आधी आखाजीचाच आठवडा काढला. सुकदेवच्या हजेरीत गेल्या वर्षी अठ्ठ्याहत्तर गैरहजर होते. फंडाच्या वहीत त्या आठवड्यात आजारी म्हणून पैसे घेणारे तीन.

“बाकीचे पंच्याहत्तर?” साहेबांनी विचारले.

“सणाला गेले, आपल्या खर्चानं,” नाना म्हणाले. “फंड त्यांचाच आहे, साहेब. स्वतःच्या दोन आण्यांना कोण फसवील?”

लोकांत हसू पसरले. सुकदेवने मान खाली घालून फंडाच्या वहीची पाने पुढे उलटली, आणि त्याचा हात थांबला.

“इथलं पान फाडलंय.”

साहेबांनी वही जवळ ओढली. शेठचा चेहरा कठीण झाला.

“नाना, हे पान कुठे आहे?”

“गेलं.”

“काय होतं त्यावर?”

“ते मी सांगणार नाही.”

“मग मी सांगतो काय होतं,” सुकदेव म्हणाला. “सोंगं होती. सोयीचं तेवढं ठेवलं, बाकीचं फाडलं. अशा वहीवर सरकारनं देशाचा विमा काढायचा?”

शेठनी खांदे उडवले. “मी शब्द दिला होता, नाना. पण ही वही पुरी नाही. फंड आजपासून—”

“ते पान मी जायं, चुल्हामा.”

कांडीखात्याच्या बायांतून इंदिराबाई पुढे आली. ती टेबलापाशी येऊन थांबली. “मनी आंडेरनं नाव व्हतं त्यावर. बिल्ला एकशे सतरा. त्र्याहत्तर दिन. आजार काय व्हता ते बी लिखी ल्या, छातीना. क्षयना संशय. आते ती बरी शे, पन संशय व्हता. एक दिन बी जास्ती लिधा नही तिनं. ताडी देखा.”

बेबाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. सुकदेवने हजेरीत बोट फिरवले. फार वेळ लागला नाही. “एकशे सतरा,” तो म्हणाला. “त्र्याहत्तर. बरोबर आहे.”

सगळ्यांच्या नजरा जीवराम मुकादमाकडे वळल्या. जीवराम मिशीला हात लावत उभा होता. तो खाकरला.

“त्याच पानना मांगे मनं नाव व्हतं, अक्का. पंधरा दिन. खोकलामा रगत पडे. घर बी सांगेल नही मी कोनले. वही चोरी गयी तवय माले बरंच वाटनं.” त्याने इंदिराबाईकडे पाहिले. “आते मी कोनता तोंडवरी नही म्हनू? लगन ठरेल दिनलेच व्हई.”

साहेब लिहीत होते. शेठ रुमालाने मान पुसत होते. सुकदेव मात्र अजून अडून बसला होता. “एका पानाचं पटलं. पण उद्या सरकारचा पैसा आला की सोंगं वाढणारच, साहेब. माणसाचा स्वभाव मी या फाटकावर वीस वर्षं—”

तीनच्या पाळीचा भोंगा झाला आणि त्याचे पुढचे बोलणे ऐकू आले नाही. सुकदेव उठून फळीपाशी गेला आणि लोक बिल्ले लावायला त्याच्यामागे सरकले. त्यांच्यात धुतलेला सदरा घातलेला, दाढी केलेला एक माणूस भिंतीला धरून धरून पुढे येत होता. नानांनी त्याला ओळखले आणि ते टेबल ढकलूनच धावले.

तो वना होता. मागोमाग सुंदरबाई कडेवर पोर घेऊन पळत येत होती. वही मिळाल्याचे त्यांच्या खोलीपर्यंत अजून पोचलेच नव्हते.

वना फळीपाशी पोचला होता. त्याने सुकदेवपुढे बिल्ला धरला. बिल्ला धरलेले मनगट त्याने दुसऱ्या हाताने पकडले होते. “मी बरा शे, भाऊ. ताप उतरना मना. माले पाळीवर लिखा.”

दाढी करताना गालावर दोन ठिकाणी कापले होते. ओठ पांढरे पडले होते. सुकदेवने बिल्ला घ्यायला हात पुढे केला, त्याच्या बोटांना वनाची बोटे लागली, आणि त्याने चटका बसावा तसा हात मागे घेतला. त्याच वेळी वनाचे गुडघे वाकले. नानांनी त्याला पाठीमागून धरले, जीवरामने पाय उचलले. दोघांनी त्याला बाकावर आडवे केले. सुंदरबाई त्याच्या उशाशी बसली आणि पोटावर हात ठेवून, दुखस का, दुखस का, एवढेच विचारत राहिली. वनाने नाही म्हणून मान हलवली. पोट मऊ होते. फाटले नव्हते अजून काही.

साहेब टेबलापासून उठून आले होते. सुकदेव बिल्ला हातात धरून उभा होता.

“साहेब,” तो म्हणाला, “आजारी असल्याचं सोंग करणारे मी वीस वर्षं पकडले. त्यांचा आकडा मी तुम्हाला तोंडपाठ सांगीन. बरं असल्याचं सोंग करून या फाटकातून किती आत गेले, ते मी कधी मोजलंच नाही.”

साहेबांनी हातातले छापील कागद चाळले. खोट्या आजाऱ्यांसाठी त्यात रकाना होता. अशांसाठी नव्हता. त्यांनी समासात लिहायला घेतले.

“फंड चालू राहील,” शेठ कुणाकडे न बघता म्हणाले. “माझा वाटा याच महिन्यापासून. याला खाटेवर घालून घरी न्या.”

खाट आली. वनाने डोळे उघडले आणि तो पुन्हा उठायला लागला. “मी बरा शे,” तो पुटपुटला, “बरा शे मी.”

सुकदेव गिरणीत कुणाशी कधी अहिराणी बोलत नसे. तो खाटेवर वाकला आणि त्याने वनाचे दोन्ही खांदे हलकेच खाली दाबले.

“पडी ऱ्हाय, भाऊ,” तो म्हणाला. “तू आजारी शेस.”